फोनवरची चौकशी

दुसऱ्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून सिस्टरने राजीनामा टेबलावर ठेवला, तेव्हा मेट्रनबाईंना पहिला संशय आला तो वशिल्याचा. आख्खा आयसीयू या पोरीच्या जिवावर चालायचा. ती गेली तर सगळंच कोलमडणार. म्हणून तर त्या हॉस्पिटलच्या मेट्रनने तिच्या चौकशीचा फोन केला, तेव्हा बाईंनी मन लावून चहाडी केली होती. उशिरा येते, उलट बोलते, इंजेक्शन देताना हात जड. चांगली मुलगी टिकवायची तर एवढं करावंच लागतं.

"कुणाला मध्ये घातलंस गं?" बाईंनी चष्म्यावरून रोखून विचारलं.

"तुम्हालाच की, बाई." सिस्टर गालातल्या गालात हसली. "त्या मॅडम म्हणाल्या, तुमच्या मेट्रनने इतकी नावं ठेवली, म्हणजे तू नक्की कामाची असणार. आमच्या चांगल्या मुलींबद्दल मीही असंच सांगते."

बाईंनी सावकाश मान वळवून काचेपलीकडे पाहिलं. त्याच मॅडमनी दहा मिनिटं तोंड भरून कौतुक केलं म्हणून गेल्या महिन्यात घेतलेली नवी सिस्टर तिसऱ्यांदा पेशंटची शीर शोधत होती.