खिडकीखालचा कोपरा

बाल्कनीत पेपर अंथरला होता, तरी पिल्लाने पुन्हा खोलीत येऊन खिडकीखालच्या कोपऱ्यातच शू केली.

“वर्गात पोरं तुला चळाचळा कापायची आई, आणि हा बघ, जुमानतच नाही!” माझी लेक शर्वरी हसली.

“फिनेलने वास नुसता झाकला जातो,” मी म्हणाले. “जिथे जुना वास, तिथेच कुत्रं जातं.”

“म्हणून तर हे आणलंय.” तिने एक बाटली पुढे केली. “यातलं एन्झाइम लघवीचा कण न् कण तोडतं. कितीही जुनी असू दे.”

उन्हाळ्यापर्यंत त्या कोपऱ्यात तिच्या बाबांची कॉट होती. शेवटी शेवटी त्यांची लघवीची पिशवी सारखी गळायची. ते गेल्यावर मी कॉट दिली, कपडे दिले, फरशी पुसली. रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

गुडघ्यांवर बसून मी फरशीच्या सांध्याला नाक लावलं. मला काहीच वास आला नाही. पिल्लाला येत होता.

“ओत ना,” शर्वरी म्हणाली.

मी बाटली न उघडताच तिच्या हातात परत दिली.

“त्याला इथेच करू दे.”