नदीच्या अलीकडे

युगांडात युद्धात पोळलेल्यांच्या मनावर उपचार करणाऱ्या संस्थेच्या कंपालातल्या मुख्य कचेरीतून आलेल्या पत्राला, गावात हे काम करणाऱ्या लाबेजा गुरुजींनी उत्तर दिलंच नव्हतं. "लामुनूची हकीकत या महिन्यात शेवटपर्यंत सांगून व्हायला हवी, नाहीतर तिचे उपचार थांबवू," असं साहेबांनी लिहिलं होतं. साहेबांचं काय जातं लिहायला! घडलेलं सगळं सांगून मोकळं व्हायचं, हाच उपचार; पण बंडखोरांनी लहानपणी पळवून नेलेली ही बाई सांगत सांगत नदीपर्यंत यायची आणि तिथे तिचं भानच हरपायचं. मग गुरुजींनी तिला भानावर आणायला तासभर हाका मारत बसायचं.

आजही तेच झालं. गुरुजी स्वतःवरच वैतागले. बंद खोलीत तिला डोळे मिटायला सांगायचं तरी कशाला? ती भानावर आल्यावर त्यांनी बाहेर आंब्याखाली चटई टाकली आणि भुईमुगाच्या शेंगा सुपात घालून मध्ये ठेवल्या. आता डोळे उघडे आणि हात कामात.

शेंगा फोडता फोडता लामुनू म्हणाली, "नदीला पाणी फार होतं. माझ्या बहिणीचा हात..." तिची नजर थिजली.

"लामुनू! अगं, या शेंगा कोण फोडणार?"

तिच्या पापण्या हलल्या. "मीच. तुम्ही तर दाण्यांचा भुगा करताय, गुरुजी. बायको घरात कशी घेते तुम्हाला?" ती चक्क हसली. मग म्हणाली, "पुढचं आज नको."

"नको," गुरुजी म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी उत्तर पोस्टात टाकलं: "हकीकत अपुरीच आहे. पण आज लामुनू एका हाकेत परत आली. उपचार थांबवू नयेत, ते आत्ता कुठे सुरू झालेत."