शेवटचा रकाना

"बाबा, हे काय लिहून ठेवलं जी तुमी?"

मोनालीच्या हातात वही होती. एकट्या बापाला कायमचं न्यायला ती नागपूरहून आली होती, आणि सामान बांधता बांधता गादीखाली ही वही निघाली. सगळी अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांनी भरलेली. शेवरोले शेवेल, १९७०, साडेचारशे हॉर्सपॉवर. डॉज डेटोना, ताशी दोनशे मैल ओलांडणारी. आता माजरी गावच्या म्हाताऱ्याला, सांगा बरं, या गाड्यांशी काय घेणंदेणं?

 नथ्थूनं तीस वर्षं कोळशाच्या खाणीत डंपर चालवला. हजार हॉर्सपॉवरचं धूड, पण वेग विसाच्या वर कधी नाही. पुढच्या डंपरला ओलांडणं तर खाणीत पापच. ते पाप त्यानं तीस वर्षांत एकदाही केलं नाही. त्यासाठी त्याचा सत्कार झाला होता. त्यात मिळालेली शाल त्याची बायको मनकर्णा थंडीत पांघरायची.

गेल्या साली मनकर्णाच्या छातीत कळ आली. शेजाऱ्याची कार घेऊन नथ्थू तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यायला निघाला. पुढे कोळशाचा ट्रक लागला. बाजूचा रस्ता मोकळा होता, पण मेला पाय काही दबेना. चंद्रपूरच्या तोंडाशी पडोलीचा चौक आहे, तिथपर्यंत तो हॉर्न वाजवत ट्रकच्या मागेमागेच गेला. दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून घर त्याला खायला उठतं, आणि तो मोबाईलवर गाड्या पाहत बसतो.

मोनालीनं वही नीट पाहिली. नाव, हॉर्सपॉवर, वेग, आणि शेवटी आणखी एक रकाना. त्याच्यावर लिहिलं होतं, 'घर ते दवाखाना'. शेवेलपुढे अकरा मिनिटं. डेटोनापुढे सात. सगळ्यात वरच्या ओळीत, 'मी, सव्वा तास'.

 ती बापाजवळ खाली बसली.

"बाबा, मी तुमाले सांगतलं नाई. डॉक्टर म्हणत होते, आई घरून निघाल्याबरोबरच गेली होती. कोणतीबी गाडी असती तरी काई झालं नसतं."

 नथ्थूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पडोलीच्या चौकात तिनं पानी मांगतलं होतं, पोरी."