वर्नाबाईंचं टेबल

आमचा मुख्य मेकॅनिक डर्वुड रेसच्या गाडीत थर्मास ठेवायचा, पण त्यात कॉफी नसून शिसं असायचं. नियमात ठरलेल्या वजनापेक्षा हलकी गाडी शर्यतीत घेत नाहीत आणि जोरात पळते तर हलकीच, म्हणून वजनकाट्यावर थर्मास आत, काट्यावरून उतरलं की बाहेर. त्या शनिवारी तपासनीस वर्नाबाईंना कॉफीची तल्लफ आली, त्यांनी झाकण उघडलं आणि आम्ही पकडले गेलो. दंड झाला, गुण कापले, शिवाय इथल्या रिवाजाप्रमाणे थर्मास वर्नाबाईंच्या टेबलावर मांडला गेला, सगळ्यांनी बघून धडा घ्यावा म्हणून. सगळ्यांनी बघितलं. काहींनी उचलूनही बघितलं. पुढच्या शनिवारी, कॅरोलिनातल्या भर ऑगस्टच्या उन्हात, जो तो ड्रायव्हर थर्मास घेऊन काट्यावर हजर! डर्वुड भडकला. "बाई, सगळे चोर आहेत! माझी युक्ती ढापली लेकाच्यांनी! दुप्पट दंड करा!" वर्नाबाई रविवारी चर्चमध्ये पोरांना दहा आज्ञा शिकवतात. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "आणि तुला रे कुठून सुचली?" डर्वुडने टोपी काढून डोकं खाजवलं. "मागच्या वर्षी तुमच्या टेबलावर शिसं भरलेलं हेल्मेट होतं ना, त्यावरूनच." बाईंनी टेबलावर चादर टाकली. झालं! थर्मास तिथेच टाकून सगळे ड्रायव्हर धावत आले. "आता काय नवीन सापडलं, बाई?" चादरीचं टोक मात्र सगळ्यांत आधी आमच्या डर्वुडनेच उचललं.