गेटपर्यंत

सायरन आधी घोगरा खोकला, मग चढत चढत गेला आणि गॅरेजचे पत्रे थरथरायला लागले.

“चढू दे!” म्हातारे ड्रायव्हरकाका ओरडले. “अजून चढू दे! हां... आता सोड बटण!”

मिस्त्रीने बटण सोडलं. आवाज एकदम थांबला नाही, दम लागलेल्या माणसासारखा रेंगाळत खाली उतरला. समोरचा शिंपी कानांवर हात ठेवून दारात आला आणि शिव्या पुटपुटत परत आत गेला.

“हाच!” काका म्हणाले. अर्धं आयुष्य त्यांनी असल्याच अ‍ॅम्ब्युलन्स चालवल्या होत्या. “अगदी हाच. हल्लीचं ते पीं-पीं म्हणजे पोरांचं खेळणं.”

मिस्त्रीचा चेहरा खुलला. जुन्या गाड्या नीट करणं हा त्याचा धंदाच, पण या जुन्या अ‍ॅम्ब्युलन्सने त्याला वेड लावलं होतं. फिका पिवळा रंग, टपावरचा तांबडा फिरता दिवा, मागच्या दुधी काचा, सगळं त्या काळचं हवं. गाडीचा मालक म्हणाला होता, नवा सायरन बसवून टाक, कोणाला कळतंय? मिस्त्री कसला ऐकतो! भंगारवाल्यांचे उंबरे झिजवून त्याने मोटरवर फिरणारा हा जुना सायरन मिळवला, आणि तो ऐकायला दोन माणसं मुद्दाम बोलावली. एक हे काका. दुसरी त्याची ताई.

ताई गाडीच्या मागच्या पायरीवर थर्मास घेऊन बसली होती. लहान असताना ती अशा गाडीतून एकदाच गेली होती. आई स्ट्रेचरवर, बाबा परगावी, आणि नुकताच जन्मलेला हा मिस्त्री टॉवेलात गुंडाळून तिच्या मांडीवर. गाडीतला मदतनीस आईच्या तोंडावर मास्क धरून म्हणाला होता, “बोलत राहा आईशी. झोपू देऊ नकोस.” ती बोलत राहिली. हॉस्पिटलच्या गेटवर सायरन थांबला, दार उघडलं आणि डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. “गेटपर्यंत मी तिला जाऊ दिलं नाही,” ताई सांगायची. पुढे आयुष्यात तिच्या मनासारखं फारसं काही झालं नाही, पण हे एक वाक्य ती मान ताठ करून म्हणायची.

“अस्साच होता,” ताई डोळे पुसत म्हणाली. “कुठून पैदा केलास मेल्या?”

ती कपांत चहा ओतायला लागली. मिस्त्रीने डॅशबोर्डखाली डोकं घातलं.

“काका, एवढं एक सांगा. दिव्याचं आणि सायरनचं बटण एकच होतं की वेगवेगळं?”

असलं काही काकांना आता कोण विचारतंय? घरी त्यांनी तोंड उघडलं की सून टीव्हीचा आवाज वाढवते. ते रंगात आले.

“वेगवेगळं! रिकामी गाडी परत नेताना दोन्ही बंद. पण पेशंट आत घेतला, की गेट येईपर्यंत सायरनला हात लावायचा नाही. पहिल्याच दिवशी शिकवायचे आम्हाला. वाटेत माणूस गेला तरी नाही.”

मिस्त्री डोकं आपटतच बाहेर आला. “काका, चहा घ्या. गार होतोय.”

“घेतो रे. का ते तर ऐक! सायरन बंद झाला की मागच्यांना कळतं. मग रडारड. कोणी अंगावर पडतं, कोणी चालत्या गाडीचं दार उघडायला बघतं. त्यापेक्षा वाजू दे गेटपर्यंत. मदतनीस मास्क काढायचाच नाही. नातेवाइकांना काहीतरी कामाला लावून द्यायचा. पाय चोळा, हाका मारा, बोलत राहा...”

“काका!”

काका थांबले. मिस्त्रीकडे बघितलं, ताईकडे बघितलं. काय झालं ते कळलं नाही, पण आपण काहीतरी करून बसलोय एवढं कळलं.

“तसं दर वेळी नाही म्हणा,” ते पुटपुटले.

ताई थर्मासचं झाकण लावत होती. ते काही केल्या नीट बसेना.

“पुलावर तिचा हात जड झाला होता,” ती म्हणाली. “मला वाटलं, दमली. सायरन चालू होता ना. म्हटलं, तो चालू आहे म्हणजे ती आहे.”

“ताई, अगं प्रत्येक गाडीची रीत वेगळी असते. हो ना हो काका?”

“हो, हो. वेगळीच.”

ताईने दोघांकडे कीव आल्यासारखं बघितलं.

“मग पुलापासून मी बोलत होते ते कोणाशी?”

काकांनी कप तसाच खाली ठेवला आणि ते बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मिस्त्री हात पुसत पायरीपाशी आला. टक्कल पडलेला, ग्रीसने माखलेला, पन्नाशीचा माणूस, ताईच्या शेजारी अंग चोरून बसला. त्याला फार वाईट वाटत होतं. कुठून आपल्याला ही अवदसा आठवली आणि हा सायरन शोधला, असं त्याला झालं होतं.

“माझ्याशी,” तो म्हणाला. “मी होतो की मांडीवर.”

“तू झोपला होतास.”

“आता जागा आहे. सांग. काय बोलत होतीस?”

ताईने थर्मास बाजूला ठेवला. मग एकदम, धाप लागल्यासारखी बोलायला लागली.

“आई, बाळाला मी नीट धरलंय. मान पण धरलीय. रडत नाहीये, बघ. तू फक्त झोपू नकोस हं...”

ती थांबली. मिस्त्रीच्या काळ्या झालेल्या हातावर तिने हात ठेवला.

“झोपलीस तरी चालेल,” ती म्हणाली. “धरलंय मी त्याला.”