साळ्याच्या हातातला दोर

"दोर ढिला काऊन सोडला जी?" लखन वरून ओरडला.

"हात घसरला. तू वर पाह्य," खालून नीलेश म्हणाला.

गावामागचा हा घोरपड्या सुळका, दीडशे फूट उभा. नागपूरची पोरं चारदा आली नि हात हलवत परत गेली. माथ्याला अजून माणसाचा पाय लागला नव्हता. तो आज लखन लावणार होता.

मध काढणाऱ्यांचं त्याचं घर. त्यांच्यात कड्यावरच्या माणसाचा दोर बायकोच्या भावानंच धरायचा. सख्खा भाऊ वाटणीपायी हात सोडेल एखादवेळी; पण बहिणीचं कुंकू पुसायला कोण धजेल?

लखनची बायको दुर्गा चार महिने माहेरी होती. दारूच्या भरात लखननं तिचा हात मोडला होता. केलं ते वाईटच, आणि ते त्याला आतून खात होतं. दोर धरायला माणूस नाही म्हणून सुळकाही राहिला होता. आणि आज सकाळी तिचा भाऊ नीलेश आपणहून दारात हजर!

"दुर्गीनं पाठवलं काय, भाऊ?"

"चाल लखन, ऊन चढून राहिलं."

एरवी तोंडभरून जवाई म्हणणारा माणूस, आज नुसतं लखन. असू दे, राग आहे अजून. पण दोर धरायला आला, म्हणजे बहीण नांदायला येणारच की! लखनला दहा हत्तींचं बळ आलं.

शेवटच्या टप्प्यावर पायाखालचा दगड निसटला. तो हातभर खाली आला, छाती दगडावर आपटली. मग कुठं वाटेत ठोकलेल्या खुंटीतून दोर आवळला.

"झोपले काय जी?"



अखेर माथा! लखननं आरोळी ठोकली, फोटो काढला, दुर्गाला फोन लावला. तिनं उचलला नाही. मग माथ्यावर खुंटी ठोकून, तिच्या कडीत दोर ओवून तो कड्यावरून खाली लोंबकळला. उतरताना सगळा भार खालच्याच्या हातात.

वीस फूट उतरला असेल, खिशात फोन वाजला.

"थांबा भाऊ! दुर्गीचा हाय!"

दोर थांबला.

"दुर्गे, माथ्यावर जाऊन आलो! सगळ्यात पयला! तुह्या दादानंच दोर धरला. आता तरी येशीन ना घरी?"



"दादानं?" दुर्गानं विचारलं. "अवो, कालच त्यानं माहं दुसरं लगन लावून देल्लं."