पातेऱ्याखाली

"काका, बागेत मेलेलं माकड दिसलं होतं?" आरोग्यसेविकेने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"म्हणजे काकींना गोचीड दुसरीकडे चावली. तुमच्या बागेत फवारणी नको."

माकड दिसलं होतं. काजूचा हंगाम होता. माकडतापाची बातमी पसरली असती तर वेचणीला कुणी आलं नसतं. म्हणून मी ते बांधाला ओढून सुक्या पानांच्या पातेऱ्याखाली झाकलं. आठवड्याने बायकोने तोच पातेरा गोठ्यात अंथरायला डोक्यावरून आणला. पंधरा दिवसांत ती तापाने गेली.

उद्या शेजारणी पातेऱ्याला येणार होत्या.

"थांब गो. दिसलं होतं. मीच लपवलं."

तिचं पेन थांबलं. "काकींना सांगितलं नव्हतंत?"

"तिला सांगितलं असतं, तर तिने तुला लगेच फोन केला असता."